सुरखी : फुटक्या विटेचा इतिहास

सातवीच्या वर्गात उर्दूचा तास चालू होता. फळ्यावर मी 'सुर्ख' हा शब्द लिहिला. सुर्ख म्हणजे लाल. त्यावरून 'सुर्खी' झाला आणि त्याचे दोन अर्थ मी सांगितले. एक ओठांची किंवा गालांची लाली. दुसरा वर्तमानपत्रातला ठळक मथळा, कारण जुन्या हस्तलिखितांत मथळे लाल शाईने लिहीत. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, सुर्खी म्हणजे विटेचा चुरा पण ना? माझे नाना सांगतात, ते लहानपणी कुटायचे."

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण मुलगा बरोबर होता आणि तिसरा अर्थ मी विसरलो होतो. विसरायला नको होता. माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, गवंडी होते. आमच्या घरी तो शब्द मी शंभरदा ऐकला होता. शाळा, डी.एड., बी.एड. या वाटेने शब्दकोशातले दोन अर्थ लक्षात राहिले आणि घरातला अर्थ गळून पडला.

त्या दिवसापासून फुटक्या विटेबद्दल जे वाचले आणि जे आठवले ते आज लिहितो आहे. शेवटी माझ्या स्वतःच्या घराची एक गोष्टही सांगायची आहे. ती सांगायला थोडी लाज वाटते, पण ती वगळून हा लेख लिहिणे खोटे होईल.

शब्दांत राहिलेला व्यवसाय

आपल्याकडे भाषांची वाटणी करणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा एखाद्या बांधकामावर जाऊन उभे राहावे. गवंडी मराठीत बोलत असतो, पण त्याच्या तोंडातले अर्धे शब्द दूरचा प्रवास करून आलेले असतात. भिंतीला तो गिलावा करतो. हा शब्द फारसीतल्या 'गिल' म्हणजे चिखलमातीशी जोडलेला आहे. कोपरा काटकोनात आहे की नाही हे तो गुण्या लावून पाहतो. गुण्याही फारसीच. दारावरची कमान म्हणजे मुळात धनुष्य. घरावरची गच्ची 'गच' या शब्दातून आली, गच म्हणजे चुना. इमारत आणि हौद अरबी, दरवाजा फारसी, आणि मिस्त्री तर पोर्तुगिजांकडून आलेला. ओळंबा आणि थापी मात्र आपल्याच मातीतले.

यातच एक बोचरा शब्द आहे, बिगारी. फारसीत 'बेगार' म्हणजे विनामोबदला करून घेतलेले काम. आज बिगारीला मजुरी मिळते, पण नाव तेच राहिले. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडेल.

सुरखी याच कुटुंबातली. भाजलेली वीट कुटून, दळून, चाळून केलेली लाल भुकटी म्हणजे सुरखी. भट्टीतून निघालेल्या विटांत काही कच्च्या राहतात, काही वाहतुकीत फुटतात, काही बांधताना तोडाव्या लागतात. जुनी भिंत पाडली की अर्ध्यामुर्ध्या विटा उरतात. या सगळ्यांचा ढीग बाजूला लावायचा आणि त्याची भुकटी करून चुन्यात मिसळायची. बांधकामातला नासका माल पुन्हा त्याच बांधकामात शिरत असे.

आमच्या दादी हे काम करीत. दादा भिंत बांधत आणि दादी खाली बसून विटा कुटत. डोक्याचा पदर नाकातोंडावर घट्ट बांधलेला, तरी संध्याकाळी भुवया लाल. अब्बा सांगायचे की लहानपणी आईचे हात धुतले की पाणी मेंदीसारखे वाहायचे.

लाल भुकटी काय करते?

कोणाला वाटेल की ही निव्वळ गरिबीची युक्ती होती, वाळू पुरत नाही म्हणून विटेचा चुरा घातला. तसे नव्हते. नुसता चुना आणि वाळू यांचा माल हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो. जिथे हवा पोहोचत नाही, म्हणजे जाड भिंतीच्या पोटात किंवा पाण्याखाली, तिथे तो मऊच राहतो. भाजलेल्या मातीत सिलिका आणि अ‍ॅल्युमिना असतात. ती माती बारीक करून चुन्यात मिसळली की पाण्याच्या सान्निध्यात त्यांचा चुन्याशी संयोग होतो आणि पाण्यातही न विरघळणारा घट्ट पदार्थ बनतो. म्हणून हौद, हमाम, पाटाचे बांधकाम, विहिरीचे कठडे अशा ओल्या जागी सुरखीचा चुना हमखास वापरला जाई. गंमत अशी की जरा कमी भाजलेली वीट यासाठी जास्त उपयोगी. फार भाजून काळी पडलेली वीट चुन्याशी तितकी मिसळत नाही. म्हणजे बांधकामाला जी वीट नालायक, तीच सुरखीला लायक.

हे ज्ञान एका देशाचे किंवा एका धर्माचे नव्हते. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे की नदीच्या किंवा समुद्राच्या वाळूत एकतृतीयांश प्रमाणात कुटून चाळलेली खापरे घातली तर चुना चांगला होतो. इस्तंबूलच्या हागिया सोफियाच्या भिंतींत विटांच्या थरांइतकेच जाड दर्जांचे थर दिसतात आणि त्यांत कुटलेली वीट आहे. तुर्कस्तानात अशा चुन्याला 'होरासान' म्हणतात. मिसरमध्ये त्याच भुकटीला 'होमरा' म्हणतात, म्हणजे अरबीत लाली. आपण सुरखी म्हणतो, म्हणजे फारसीत लाली. वेगवेगळ्या देशांतल्या गवंड्यांना त्या ढिगाकडे पाहून एकच रंग आठवला.

भारतात हे काम घरापुरते मर्यादित नव्हते. १८५४ मध्ये सुरू झालेल्या गंगा कालव्याच्या बांधकामात, रुडकीजवळच्या सोलानी नदीवरच्या जलसेतूत, वीट आणि सुरखीचा चुना वापरला गेला. केरळच्या डोंगरातले मुल्लपेरियार धरण १८९५ मध्ये पूर्ण झाले, तेही दगड, चुना आणि सुरखीचे. त्या धरणाच्या आजच्या मजबुतीवरून दोन राज्यांत वाद आहे, त्यात मी पडत नाही. सव्वाशेहून अधिक वर्षे ते पाणी अडवून उभे आहे एवढेच नोंदवतो.

आपल्याकडे किल्ल्यांवर फिरायला जाणाऱ्यांनी चुन्याचा घाणा पाहिला असेल. जमिनीत दगडी गोल चर आणि त्यात फिरणारे जड दगडी चाक. बैल चाक ओढायचा आणि चुना, वाळू, इतर जिन्नस तासन्‌तास मळले जायचे. अनेक किल्ल्यांवर तो घाणा आजही पडून आहे. लोक त्यात बसून फोटो काढतात. ज्या यंत्राने समोरचा बुरूज जोडला, ते हेच यंत्र हे फार थोड्यांना ठाऊक असते.

काटकसर आणि सत्ता

औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्याला 'गरिबांचा ताजमहाल' म्हणून हिणवतात. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिची ही कबर १६६० च्या सुमारास शहजादा आझमशहाच्या नावाने पूर्ण झाली. वास्तुकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय यांची नावे दरवाजावर कोरलेली आहेत. खर्चाचा आकडा ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे असा सांगितला जातो. संगमरवर दूरवरून आणावा लागे, म्हणून तो भिंतीच्या खालच्या भागाला आणि घुमटाला वापरला. बाकी काम इथल्या काळ्या दगडाचे आणि त्यावर चुन्याच्या गिलाव्याचे. कारागिरांनी त्या गिलाव्यात जी नक्षी काढली आहे ती जवळ जाऊन पाहिली की गरिबी कुठे दिसत नाही. दिसतो तो हिशेब. महाग माल जिथे डोळा आणि हात पोहोचतो तिथे, आणि बाकी ठिकाणी जवळचा माल. घर बांधणाऱ्याने शिकावा असाच हा हिशेब आहे.

पण जुन्या मालाच्या पुनर्वापराचा सगळा इतिहास इतका निरागस नाही, हेही सांगितले पाहिजे. देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यात १३१८ ची जामा मशीद आहे. तिचे खांब आधीच्या देवळांचे आहेत. ते खांब तिथे 'माल वाचावा' म्हणून आले नव्हते. जिंकणाऱ्याची सत्ता त्यामागे होती. आपल्यापैकी काहींना हे वाक्य जड जाईल, पण दगडावरची नक्षी लपत नाही आणि आपणही ती लपवू नये. सत्ता बदलली की पाडण्या-बांधण्याच्या वाटा बदलल्या, वृत्ती बदलली नाही. १८५० च्या दशकात लाहोर-मुलतान रेल्वेमार्ग टाकताना इंग्रज कंत्राटदारांनी हडप्पाच्या विटा उपसून रुळांखाली भराव म्हणून घातल्या. साडेचार हजार वर्षांपूर्वीचे शहर खडी म्हणून संपले. त्या कंत्राटदारांनाही वाटले असेल की आपण फुकट माल कामी लावला.

म्हणून पुनर्वापर म्हटले की आधी विचारावे, कोणाचे, कोणी पाडले आणि कोणासाठी. आपण पाडलेल्या आपल्या घराचा माल आपण वापरणे ही वेगळी गोष्ट आहे. माझा लेख तेवढ्यापुरता आहे.

सिमेंट आले

१८२४ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन याने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. भारतात १९१४ मध्ये पोरबंदरला सिमेंटचे उत्पादन सुरू झाले आणि १९३६ मध्ये अनेक कारखाने एकत्र येऊन 'एसीसी' ही कंपनी उभी राहिली. चुन्याच्या भिंतीला घट्ट व्हायला आठवडे लागत, सिमेंट काही तासांत आवळून धरते. चुन्याचा दर्जा भट्टीनुसार आणि सुरखीचा दर्जा विटेनुसार बदले. भेसळही होत असे. वीट म्हणून नुसती माती दळून देणारे पुरवठादार तेव्हाही होते. सिमेंटच्या गोणीवर दर्जाची खूण असे. शिवाय सळई घालून केलेल्या काँक्रीटने चार, दहा, वीस मजले उभे राहिले. ते चुन्याने होणारे काम नव्हते. त्यामुळे सिमेंट जिंकले यात अन्याय काही नाही.

तरी बराच काळ सिमेंट मुबलक नव्हते. दुसऱ्या महायुद्धापासून त्यावर सरकारी नियंत्रण होते. घर बांधायचे तर परमिट लागे आणि गोण्या मोजून मिळत. महाराष्ट्रातल्या मुस्लिम वाचकाला हा काळ एका नावाने आठवतो. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. सिमेंट वाटपाच्या बदल्यात संस्थांसाठी देणग्या घेतल्याचे आरोप झाले, जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या प्रकरणाची राजकीय बाजू अनेकांनी लिहिली आहे. मला त्यातली दुसरी बाजू दिसते. राज्याचे सरकार हलावे एवढी ती राखाडी भुकटी मौल्यवान होती. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्ण गेले. अब्बा सांगायचे, परमिटच्या काळात भिंतीखाली सांडलेला मालही दादा चाळून, आवळायच्या आत पुन्हा वापरायचे. भिंतीच्या पायथ्याशी गोणपाट अंथरल्याशिवाय गिलाव्याला हात घालायचे नाहीत. गोणी दुकानात सहज मिळू लागली आणि गोणपाट अंथरणे थांबले.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट घडली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. मी तेव्हा शाळेत होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गावातून ट्रक भरून माणसे मदतीला गेली. परत आलेली माणसे कितीतरी दिवस बोलत नव्हती. तिथली घरे जाड दगडी भिंतींची आणि वर मातीच्या जड धाब्याची. त्या रात्रीनंतर लोकांचा दगडमातीवरचा विश्वास उडाला. तज्ज्ञ सांगत होते की दोष दगडाचा नाही. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधणारे आरपार लांब दगड नव्हते, दर्जा नुसत्या चिखलाच्या होत्या, आणि डोक्यावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेले होते. पण ज्याने आपली मुले त्या दगडांखालून काढली त्याला हे कसे पटावे? पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आमच्या भागात ज्याच्या हाती पैसा आला त्याने जुने पाडून सिमेंटचे बांधले. या भीतीला हसण्याचा अधिकार कोणाला नाही.

सिमेंटबरोबर एक बदल झाला, त्याची चर्चा फार होत नाही. चुन्याची दर्ज विटेपेक्षा मऊ असते. भिंत पाडताना वीट सुटी निघते, थापीच्या पाठीने खरवडली की पुन्हा बांधायला तयार. सिमेंटची दर्ज विटेपेक्षा कठीण असते. घण मारला की वीट फुटते, दर्ज फुटत नाही. म्हणून जुने घर पाडले की माल निघायचा आणि आता घर पाडले की राडारोडा निघतो.

आणि आता तो बिगारी शब्द. दादी दिवसभर विटा कुटत होत्या त्याचे किती पैसे मिळत? दादांच्या मजुरीतच ते धरलेले असत. दादींच्या श्रमाला वेगळा दरच नव्हता. माल महाग आणि माणूस स्वस्त होता, म्हणून विटेचा तुकडा न तुकडा वाचायचा. आज मजुरी वाढली, आणि वाढायलाच हवी होती. अर्धी वीट शोधत बसण्यापेक्षा नवी वीट तोडणे स्वस्त पडते. जुन्या काटकसरीचे कौतुक करताना ती कोणाच्या फुफ्फुसांवर उभी होती हे मी विसरू शकत नाही. दादींना शेवटची दहा वर्षे खोकला होता.

एक इंग्रज आणि पाच मैल

ही काटकसर नव्या काळात, डोळसपणे आणणारा माणूस म्हणजे लॉरी बेकर. १९१७ मध्ये बर्मिंगहॅमला जन्मलेला हा वास्तुकार युद्धकाळात चीनमध्ये सेवा करून मायदेशी परतताना मुंबईत बोटीची वाट पाहत अडकला. तिथे त्याची गांधीजींशी भेट झाली. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या मालातून बांधावे, हा गांधीजींचा विचार बेकर आयुष्यभर सांगत राहिले. ते भारतात परतले, आधी कुष्ठरुग्णांच्या इमारतींचे काम केले, पुढे पिथोरागडच्या डोंगरात आणि शेवटी तिरुअनंतपुरमला स्थायिक झाले. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २००७ मध्ये ते वारले.

बेकर यांच्या दोन युक्त्या प्रसिद्ध आहेत. पहिली भिंतीची. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचायच्या, म्हणजे मधे पोकळी राहते. इंग्रजीत हिला उंदराच्या सापळ्याचे नाव आहे, कारण ती पोकळी तशी दिसते. नेहमीच्या नऊ इंची भिंतीच्या तुलनेत सुमारे २५ टक्के विटा वाचतात आणि पोकळीमुळे घर उन्हात कमी तापते. दुसरी स्लॅबची. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळई घेते, तिथले बरेचसे काँक्रीट नुसते वजन असते. तिथे जुनी मंगलोरी कौले बसवली की काँक्रीट वाचते. टाकाऊ कौल छतात जाते आणि खालून सुंदर दिसते. मात्र ही दोन्ही कामे जाणकार अभियंत्याच्या देखरेखीखालीच करायची असतात. बेकर स्वतः रोज बांधकामावर उभे राहत. तुटक्या फरशा, बाटल्या, जुन्या खिडक्या, सगळ्याला ते जागा शोधत. चुना आणि सुरखीही त्यांनी सोडली नव्हती.

आमचे घर

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी आम्ही दादांनी बांधलेले घर पाडले. मुले मोठी झाली होती, जागा पुरत नव्हती, कर्ज मंजूर झाले होते. ठेकेदाराने विचारले, "सर, जुना माल ठेवायचा की उचलायचा?" उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत काम मार्गी लागावे अशी घाई होती. मी म्हणालो, उचला.

जेसीबीला अर्धा दिवस लागला. त्या भिंती चुन्याच्या होत्या. हाताने उतरवल्या असत्या तर अर्ध्याहून अधिक विटा अखंड निघाल्या असत्या, हे आज कळते. सागवानी चौकटी भंगारवाल्याने नेल्या, त्याने दिलेले पैसे मजुरांच्या चहापाण्यात गेले. अकरा ट्रॉली राडारोडा निघाला. कुठे टाकतोस, हे मी विचारले नाही. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने एवढा तरी प्रश्न विचारायला हवा होता.

नव्या कामावरही तेच चालू राहिले. खोली नऊ फूट दहा इंच ठेवली, कारण नकाशावर तशी आली. फरशी दोन बाय दोन फुटांची. प्रत्येक ओळीत एक फरशी कापावी लागली आणि कापलेले पट्टे गोणीत भरून गेले. सळई बारा मीटरची येते, कापण्याची यादी आधी केली नव्हती, म्हणून दोन-तीन फुटी तुकड्यांचा ढीग पडला आणि तो भंगाराच्या भावाने गेला. सिमेंट एकदम आणून जमिनीवर रचले, पहिल्या पावसात खालच्या सात गोण्या दगड झाल्या. आणि गच्चीवर ब्रिकबॅट कोबा करायचा होता तेव्हा कळस झाला. पाणी गळू नये म्हणून गच्चीवर फुटक्या विटांचा थर देतात, सुरखीची परंपरा आज कुठे शिल्लक असेल तर ती इथेच. त्यासाठी ठेकेदाराने नव्या विटांची गाडी मागवली आणि माझ्या डोळ्यांसमोर बिगाऱ्यांनी त्या हातोडीने फोडल्या. दादांच्या घरच्या फुटक्या विटा दोन महिन्यांपूर्वीच गेल्या होत्या.

कुठे गेल्या हे त्या पावसाळ्यात कळले. मोहल्ल्यामागच्या नाल्याला पाणी तुंबले आणि खालच्या गल्लीतल्या घरांत शिरले. त्या घरांत माझे चार विद्यार्थी राहतात. पाणी ओसरल्यावर आम्ही काही जण मदतीला गेलो. नाल्यावरच्या लहान पुलाखाली राडारोड्याचा बांध झाला होता. त्यात अनेकांच्या घरांचे तुकडे असतील, पण एक मला ओळखता आला. निळीच्या रंगाचा गिलावा, त्यावर चुन्याने काढलेली पांढरी वेल. दादींच्या खोलीतली ती भिंत होती. मी कोणाला काही बोललो नाही. फावडे घेतले आणि उपसू लागलो. एका विद्यार्थ्याच्या आईने मला चहा दिला, "सर, तुम्ही कशाला एवढे कष्ट घेता?" म्हणाली. त्या चहाचा घोट अजून घशात अडकलेला आहे.

कायदा, प्रयोगशाळा आणि एक शाळा

बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी देशपातळीवरचे स्वतंत्र नियम २९ मार्च २०१६ रोजी आले. त्या नियमांनुसार दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा करणाऱ्यांनी माल वेगळा करून त्याचा आराखडा द्यायचा होता. लहान घरमालकालाही रस्त्यावर किंवा नाल्यात टाकायला मनाई आहे. त्याच वर्षी वाळू-खडीच्या भारतीय मानकात, 'आयएस ३८३' मध्ये, जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी मान्य झाली. सळईच्या काँक्रीटमध्ये एम २५ दर्जापर्यंत २० टक्के, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के. म्हणजे कागदावर वाट आहे. ठेकेदाराला ती विचारणारा घरमालक हवा.

मला जास्त गंमत वाटली ती दुसऱ्या बातमीची. सिमेंटचा मुख्य घटक क्लिंकर सुमारे १४५० अंश सेल्सियसला भाजावा लागतो आणि चुनखडी भाजताना भरपूर कार्बन डायऑक्साइड निघतो. स्वित्झर्लंड, क्युबा आणि आपल्या आयआयटींमधल्या संशोधकांनी मिळून एक सिमेंट तयार केले, त्यात क्लिंकर निम्मेच. उरलेल्या भागात मुख्यतः ७०० ते ८५० अंशांना भाजलेली माती आणि न भाजलेली चुनखडी. त्यामुळे कार्बन उत्सर्जन सुमारे ४० टक्क्यांपर्यंत कमी होते. २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने त्याचे मानकही जाहीर केले. भाजलेली माती आणि चुना! अर्थात हे घरची सुरखी सिमेंटमध्ये मिसळण्याइतके सोपे नाही, माती कोणती आणि भाजायची कशी याचे मोठे शास्त्र त्यामागे आहे. हा लेख वाचून कोणी स्लॅबमध्ये विटेचा चुरा घालू नये. पण तत्त्व तेच आहे, जे दादींच्या हातातल्या मुसळाखाली होते.

यंदा आमच्या शाळेत दोन वर्गखोल्या बांधायच्या आहेत आणि बांधकाम समितीवर माझे नाव आहे. पहिल्या बैठकीत मी पाच गोष्टी लिहून दिल्या. जुनी पडवी हाताने उतरवायची आणि अखंड विटा मोजून रचायच्या. खोल्यांची मापे वीट आणि फरशीच्या पटीत ठेवायची. सळई मागवण्याआधी कापण्याची यादी करायची आणि सिमेंट लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर, लागेल तसे आणायचे. फुटक्या विटा एका कोपऱ्यात जमवायच्या, त्या गच्चीच्या कोब्यात जातील. उरलेला राडारोडा कुठे जाणार हे ठेकेदाराने आधी लेखी द्यायचे. हाताने उतरवायची मजुरी जास्त पडेल, ती अंदाजपत्रकात धरली आहे आणि मजुरांना तोंडाला बांधायचे मास्कही.

समितीतले एक बुजुर्ग हसून म्हणाले, "सर, इसराफ हा विषय जुम्म्याच्या खुतब्यात ऐकला होता, बांधकामाच्या बैठकीत पहिल्यांदा ऐकतोय." इसराफ म्हणजे उधळपट्टी. मी म्हटले, खुतब्यात ऐकून मीही घरी आलो होतो, आणि अकरा ट्रॉली नाल्यात टाकल्या.

पडवी उतरवण्याचे काम पुढच्या आठवड्यात सुरू होईल. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाच्या नानांना मी बोलावणे धाडले आहे. वय झाले आहे, काम करणार नाहीत. खुर्ची टाकून बसतील आणि वीट न फोडता भिंत कशी सोडवायची हे पोरांना सांगतील.